दमा, सुया आणि पंप : तुमचे प्रश्न

मृग लागला की या सदराकडे दम्याची पत्रं वाढतात, दरवर्षीचंच आहे ते. यंदा मात्र बहुतेक पत्रांत एकच विषय आलाय, ॲक्युपंक्चर, म्हणजे अंगात बारीक सुया टोचून करायचा उपचार. कुणाला शेजारणीने सांगितलंय, कुणी यूट्यूबवर बघितलंय, कुणाच्या सिटिंग चालूसुद्धा झाल्यात. म्हणून या अंकात दुसरं काही घेतलं नाही. नावं छापत नाहीये, फक्त गावं ठेवलीत.

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी चिपळूणला राहते, वय ४२. धाकट्याच्या बाळंतपणानंतर दमा सुरू झाला तो अजून आहे, पावसाळ्यात आणि थंडीत जास्त, रात्री दोन-तीनला छाती घट्ट होऊन उठून बसावं लागतं. रोज दोन वेळा घ्यायचा एक पंप आहे आणि त्रास झाला की घ्यायचा निळा पंप आहे. माझ्या जावेने ॲक्युपंक्चर केलं, ती म्हणते एकदम मोकळं वाटतं, पंप बंदच केला तिने. तिथले थेरपिस्ट मलापण म्हणाले की पंपात स्टिरॉइड असतं, आधी ते बंद करा मग सुया लागू पडतात. घरात सगळे म्हणतात एकदा करून तर बघ. काय करू?

उत्तर : ताई, आधी हे सांगते आणि मग बाकीचं बोलू, रोजचा पंप बंद करू नका. सुया टोचून घ्यायच्या की नाही हा प्रश्न वेगळा, त्यावर नीट बोलूच, पण पंप बंद करायची अट घालणारा माणूस कुठल्याही पॅथीचा असू दे, त्याच्याकडे दम्यासाठी जाऊ नका.

कारण सांगते. दम्यात दोन गोष्टी होतात. एक म्हणजे श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तराला सूज असते, आणि ती तुम्हाला काही त्रास होत नसताना पण असते. दुसरं, त्या सुजलेल्या नळ्या धूळ, ओल, थंड हवा, फोडणीचा ठसका असलं काही लागलं की आवळतात, त्यात चिकट कफ साठतो आणि मग घरघर, धाप, सगळं सुरू. निळा पंप आवळलेली नळी सोडवतो, पाच-दहा मिनिटांत. सूज उतरवायचं काम रोजच्या पंपातलं स्टिरॉइड करतं आणि ते सावकाश होतं, काही आठवडे जातात. तसंच ते बंद केलं तरी सूज दुसऱ्याच दिवशी परत येत नाही, हळूहळू चढते. आता बघा, पंप बंद केला आणि त्याच आठवड्यात सुया सुरू केल्या तर पहिले काही दिवस चांगले जाणारच, ते दिवस जुन्या पंपाच्या जोरावर गेलेले असतात आणि नाव होतं सुयांचं. भिंतीत ओल मुरलेली असताना वरून रंग दिला की थोडे दिवस भिंत छान दिसते, चिपळूणच्या माणसाला हे मी सांगायला नको.

आता सुयांचा खरंच उपयोग होतो का. २०११ साली अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनी एक अभ्यास छापला, मला तो फार मोलाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर सांगते. दम्याचे ४६ पेशंट घेतले, त्यातल्या ३९ जणांनी अभ्यास पूर्ण केला. प्रत्येकाला आळीपाळीने चार गोष्टी दिल्या. एकदा खरा साल्ब्युटामॉलचा पंप, म्हणजे आपल्या निळ्या पंपातलं औषध, एकदा औषध नसलेला रिकामा पंप, एकदा खोटं ॲक्युपंक्चर आणि एकदा काहीच नाही, नुसतं बसवून ठेवलं. खोटं ॲक्युपंक्चर म्हणजे सुई अंगाला टेकवली की आतल्या आत सरकते, कातडीत शिरत नाही, पण पेशंटला टोचल्यासारखं वाटतं. दर वेळी मशीनवर फुंकर मारायला लावून पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजलं. खऱ्या पंपाने ती २० टक्क्यांनी वाढली. बाकी तिन्हींत, म्हणजे नुसतं बसवून ठेवलं त्यातसुद्धा, साधारण ७ टक्के. म्हणजे नळ्या उघडल्या त्या औषधानेच.

पण त्याच लोकांना विचारलं, तुम्हाला किती बरं वाटलं? खरा पंप घेतल्यावर ते म्हणाले ५० टक्के. रिकामा पंप, ४५. खोट्या सुया, ४६. काहीच दिलं नाही तेव्हा २१. म्हणजे नळ्या होत्या तेवढ्याच आवळलेल्या, पण कुणीतरी लक्ष दिलं, काहीतरी उपचार केला, तेवढ्याने माणसाला जवळजवळ खऱ्या औषधाइतकंच बरं वाटलं. हे लोक खोटं बोलत नव्हते, त्यांना वाटतच होतं तसं. आणि म्हणूनच दम्यात मला याची भीती वाटते. गुडघा दुखतोय आणि सुयांनी दुखायचं कमी झालं, तर दुखणं कमी झालं, आणखी काय पाहिजे. दम्यात मात्र बरं वाटणं आणि नळी उघडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि जीव जातो तो नळी बंद झाल्याने.

या अभ्यासात खऱ्या सुया तपासल्या नव्हत्या, हे पण सांगायला हवं. खऱ्या सुयांचे जे अभ्यास झालेत ते बहुतेक छोटे आहेत. कॉक्रेन म्हणून एक संस्था आहे, ती जगभरातले अभ्यास गोळा करून एकत्र तपासते, त्यांनी जुन्या दम्यावरचे १२ अभ्यास एकत्र केले तर सगळे मिळून पेशंट किती, ३५०. निष्कर्ष असा की दम्यासाठी ॲक्युपंक्चर घ्या किंवा घेऊ नका असं काहीच सांगण्याइतका पुरावा नाही. नंतर २०१७ मध्ये जर्मनीतला एक मोठा अभ्यास आला, ॲलर्जीच्या दम्याचे १४४५ पेशंट, तीन महिन्यांत १५ पर्यंत सिटिंग. नेहमीच्या औषधाबरोबर ज्यांनी सुया घेतल्या त्यांचं रोजचं जगणं सुधारलं, म्हणजे झोप, जिना चढणं, कामं, मनाची उभारी, हे जे प्रश्नावलीत विचारतात ते. पण त्यात खोट्या सुयांचा गट नव्हता, त्यामुळे हा सुयांचा गुण की महिनोन्महिने कुणीतरी आपुलकीने विचारपूस करतंय त्याचा, ते वेगळं काढता येत नाही. आणि नीट लक्षात घ्या, ती माणसं आपले नेहमीचे उपचार चालू ठेवून सुया घेत होती.

तेव्हा ताई, तुमच्या जावेला मोकळं वाटतंय ते खोटं नाही, पण तिच्या फुप्फुसात काय चाललंय ते तिच्या वाटण्यावरून कळणार नाही, तिला एकदा स्पायरोमेट्री, म्हणजे ती मशीनवर फुंकर मारायची तपासणी, करायला सांगा, प्लीज. जगात दम्याने जितके मृत्यू होतात त्यातले चाळीस टक्क्यांहून जास्त आपल्या देशात होतात, आणि जगातल्या पेशंटपैकी आपल्याकडे आहेत साधारण आठव्या हिश्शाने. इतका फरक पडायचं मोठं कारण हेच की आपल्याकडे रोजचा पंप एकतर सुरूच होत नाही, झाला तर कुणाच्यातरी सांगण्यावरून बंद होतो.

आणि तुमच्याबद्दल एक. रात्री दोन-तीनला उठावं लागतंय याचा अर्थ आत्ता तुमचा दमा ताब्यात नाही, सुयांचा विचार नंतर करा, आधी डॉक्टरांना पंप कसा ओढता ते करून दाखवा. निम्म्याहून जास्त लोकांचं तंत्र चुकतं हे मी रोज ओपीडीत बघते, पंप दाबतात आधी, श्वास घेतात नंतर, औषध सगळं जिभेवर. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, लावून घेतलात तर पुष्कळ फरक पडेल.

प्रश्न : मी सोलापूरचा, बँकेतून रिटायर झालो. तुमच्या मागच्या एका उत्तरात ॲक्युपंक्चरबद्दल शंकेचा सूर दिसला. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत दमा आहे, भारत सरकारने मान्यता दिली, महाराष्ट्रात कायदा झाला. शिवाय आमच्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी ज्या चीनमध्ये प्राण दिले तिथली ही हजारो वर्षांची विद्या. मग डॉक्टर लोक मान्य का करत नाहीत?

उत्तर : काका, कोटणीसांचं नाव काढलंत, बरं वाटलं. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते आणि कोलकात्याचे बिजॉय कुमार बसू. कोटणीस तिथे सर्जन म्हणून राबले आणि १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले. ॲक्युपंक्चर भारतात आणलं ते बसूंनी, पन्नासच्या दशकाच्या शेवटी ते पुन्हा चीनला गेले, शिकून आले आणि १९५९ च्या सुमाराला कोलकात्यात सुरू केलं. म्हणूनच कायदा पण आधी पश्चिम बंगालने केला, १९९६ मध्ये. मग महाराष्ट्राने केला, आपल्याकडे आता कौन्सिल आहे, नोंदणी असते, आणि केंद्राने २०१९ मध्ये उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तुमचं सगळं बरोबर आहे.

पण या मान्यतेचा अर्थ काय ते बघा. कायदा हे ठरवतो की सुया कुणी टोचायच्या, त्याचं शिक्षण किती पाहिजे, नोंदणी कुठे करायची. हे चांगलंच झालं, नाहीतर आठ दिवसांचं शिबिर करून लोक बोर्ड लावत होते. अमुक आजार सुयांनी बरा होतो असं त्या कायद्यात कुठेच म्हटलेलं नाही.

यादीचं पण तसंच. १९७९ मध्ये चीनमध्ये एक परिसंवाद झाला त्यातून ४३ आजारांची यादी निघाली, दमा त्यात आहे, खरं आहे. पण त्या यादीसोबतच लिहिलं होतं की ही यादी वैद्यकीय अनुभवावर बनवलेली आहे, नियंत्रित अभ्यासांवर असेलच असं नाही, आणि यादीत नाव आहे म्हणून गुण किती येतो ते ठरत नाही. हे वाक्य कुठल्याच जाहिरातीत छापलेलं मला दिसलेलं नाही. १९९७ मध्ये अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञ समितीने पण दम्याचं नाव घेतलं होतं, पण कसं, तर जोडीला वापरून बघता येईल अशा आजारांत. ज्यात पुरावा चांगला आहे असं त्यांनी म्हटलं ते ऑपरेशननंतरची किंवा केमोथेरपीची मळमळ आणि दात काढल्यानंतरचं दुखणं. दमा त्यात नव्हता.

डॉक्टर लोक सरसकट अमान्य करतात असं नाही हो. पाठदुखीला, गुडघ्याला, मायग्रेनला माझ्याच पेशंटना मी जा म्हणते, त्यात अभ्यास बरे आहेत आणि पेनकिलर कमी झाल्या तर किडनीला बरंच. दम्याला तसं म्हणत नाही कारण दम्यात तसं दिसलेलं नाही, एवढंच.

प्रश्न : पुण्याहून लिहितोय. मुलगा सात वर्षांचा आहे, बाळदमा सांगितलाय, वर्षभरापासून स्टिरॉइडचा पंप चालू आहे. आमच्या सोसायटीतल्या एका आजींनी सांगितलं की याने मुलांची वाढ खुंटते. तेव्हापासून मिसेसची झोप उडालीये. लहान मुलांना ॲक्युपंक्चर किंवा ॲक्युप्रेशर करता येतं का म्हणजे पंप सोडवता येईल?

उत्तर : आजी अगदीच चुकीचं बोलल्या नाहीत, पण किती ते त्यांना माहीत नाही, ते सांगते म्हणजे तुमच्या मिसेसना झोप येईल. अमेरिकेत दमा असलेल्या एक हजाराहून जास्त मुलांना, वय ५ ते १३, चार ते सहा वर्षं औषध देऊन मोठी होईपर्यंत मोजत राहिले. रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड या स्टिरॉइडचा पंप घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी १७१.१ सेंटीमीटर भरली आणि औषधाशिवायचा पंप घेतलेल्यांची १७२.३. फरक १.२ सेंटीमीटर. बोटाच्या एका पेराएवढासुद्धा नाही.

आता दुसरी बाजू. पंप बंद केला, सूज चढली, एके रात्री अटॅक आला की हॉस्पिटलमध्ये देतात ते पण स्टिरॉइडच, फक्त तोंडावाटे किंवा शिरेतून. वीस किलोच्या मुलाला दिवसाला २० मिलिग्रॅम म्हणजे २०,००० मायक्रोग्रॅम आणि ते तीन ते पाच दिवस. तुमच्या मुलाला रोज २०० मायक्रोग्रॅमचा पंप असेल असं धरा, तर नुसत्या वजनाने बघितलं तर हॉस्पिटलचा एक दिवस म्हणजे पंपाचे शंभर दिवस. दोन्हीतलं स्टिरॉइड वेगळं असतं त्यामुळे ही बरोबरी ढोबळ आहे, पण अंदाज यावा म्हणून सांगितली. शिवाय गोळीतलं औषध सगळ्या शरीरात फिरतं, पंपातलं मुख्यतः नळीत राहतं. आणि दमा ताब्यात नसला तर त्यानेही मुलाची वाढ मागे पडते, झोप नाही, खेळ नाही, जेवण नाही.

सात वर्षांच्या मुलाला दम्यासाठी सुया टोचू नका. पुरावा नाही, मूल घाबरतं, रडतं, आणि रडून रडून दमा उठतो. ॲक्युप्रेशर म्हणजे नुसतं दाबणं, त्याने नुकसान काही नाही, आजीने झोपताना पाठ चोळून दिली तर मुलाला छान वाटेल, द्यावी. त्याला उपचार म्हणून पैसे मोजायची गरज नाही.

तुम्हाला जे करता येईल ते सांगते. पंप नेहमी स्पेसरमधून, नंतर खळखळून चूळ. उशी-गादीला उन्हं दाखवा, आठवड्याला चादरी गरम पाण्यात धुवा. मच्छर अगरबत्ती आणि धूप बंद. पुण्यात गाजर गवत कुठेही उगवतं, मैदानाच्या कडेला फुललेलं असेल तर त्या बाजूला खेळणं नको. आणि दर तीन महिन्यांनी डॉक्टरांना विचारा की डोस उतरवता येईल का, बऱ्याच मुलांचा उतरतो, काहींचा दमा मोठेपणी शांत पण होतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली उतरवणं आणि सोसायटीच्या बाकावर ठरवून बंद करणं यात फार अंतर आहे.

प्रश्न : नाशिक. वडील ६६, जुना दमा, दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू. ते ऐकत नाहीत, ॲक्युपंक्चर करायचंच म्हणतात. निदान सेफ तरी आहे का?

उत्तर : चांगल्या हातात सुया बऱ्यापैकी सुरक्षित आहेत. इंग्लंडमध्ये २००१ मध्ये ३४,००० सिटिंग तपासल्या त्यात गंभीर असं काही झालेलं नव्हतं. जर्मनीत सव्वादोन लाखांहून जास्त पेशंटचा हिशेब ठेवला, त्यात दोघांच्या फुप्फुसाला भोक पडलं. आकडा बारीक आहे पण मी तुम्हाला तोच धरून सांगणार आहे, कारण दम्याचे जे मुख्य पॉइंट धरतात ते नेमके तिथेच असतात. एक मानेच्या तळाशी, मान खाली घातली की जो मोठा मणका हाताला लागतो त्याच्या बाजूला, दुसरा पाठीवर खांद्याच्या फऱ्यांच्या मधे, कण्याच्या दोन्ही अंगांना, शिवाय छातीच्या मधोमध आणि गळ्याखालच्या खळगीत. सुई असते पाव मिलिमीटर जाडीची, पण बारीक अंगाच्या माणसाची पाठ तिथे पातळ असते आणि जुन्या दम्यात फुप्फुसं फुगलेली असतात, त्यामुळे सुई सरळ खोल गेली तर फुप्फुसाला लागू शकते. जाणकार माणूस ती तिरकी आणि उथळ घालतो.

अडचण अशी की हवा गळून फुप्फुस बसलं तर होतं काय, तर धाप आणि छातीत दुखणं, कधी कधी सुया काढून घरी आल्यावर काही तासांनी. दम्याच्या माणसाला वाटतं नेहमीचाच अटॅक आला, तो पंपावर पंप घेत बसतो. म्हणून वडिलांना हे पाठ करून द्या, सुया घेतलेल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी एका बाजूला अचानक टोचल्यासारखं दुखलं आणि दम लागला तर थेट हॉस्पिटल, छातीचा एक्स-रे, आणि सुया घेतल्यात हे डॉक्टरांना सांगायचं. लाजून लपवतात लोक.

रक्त पातळ व्हायच्या गोळ्या आहेत तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत, स्टेंट बंद पडेल. पेसमेकर असता तर सुयांना करंट लावणं अजिबात नको म्हटलं असतं. सुया सीलबंद पाकिटातल्या, तुमच्यासमोर फोडलेल्या आणि तुमच्यासमोर डब्यात टाकलेल्या पाहिजेत, उकळून परत वापरतो म्हणाले तर उठून या, हिपॅटायटिस बीचा प्रश्न आहे. कौन्सिलची नोंदणी भिंतीवर लावलेली असते, बघा, नसली तर विचारा.

आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. काही ठिकाणी सुयांबरोबर मोक्सा करतात, दवण्याच्या कुळातल्या एका पाल्याची कांडी पेटवून सुईला किंवा कातडीला शेक देतात. त्याचा धूर भरपूर होतो, बंद एसी खोलीत तर कोंडतो. दम्याच्या माणसाने तिथे बसणं म्हणजे पैसे देऊन धूर घेणं. सुरुवातीलाच सांगायचं, मला धूर चालत नाही, आणि शेजारच्या बेडवर चालू असेल तरी नको.

प्रश्न : नांदेड. आमच्याकडून दरवर्षी मृगाला गाड्या भरून लोक हैदराबादला जातात, दम्याचा मासा घ्यायला. सुया टोचण्यापेक्षा ते बरं का?

उत्तर : नाही. जिवंत मरळ माशाचं पिल्लू, त्याच्या तोंडात औषधाची गोळी, आणि ते गिळायचं, शाकाहारी माणसाला गुळातून. त्या औषधात काय आहे ते जाहीर केलेलं नाही आणि दम्याला त्याचा गुण येतो का ते कधी नीट तपासलेलं नाही. पाऊस तोंडावर, रात्रभर रांग, धूळ, गर्दी, त्यात दम्याची माणसं. ज्यांना जायचंच आहे त्यांनी दोन्ही पंप खिशात ठेवून जावं आणि लहान मुलाच्या घशात मासा घालू नये, एवढं तरी कराच. आणि कुठल्याही पुडीने दोन दिवसांत दमा एकदम गायब झाला तर खूश होऊ नका, त्यात न सांगता स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं, अशा पुड्या तपासणीत सापडलेल्या आहेत.

प्रश्न : मॅडम, मी कोल्हापूरची, शिक्षिका आहे, वय ३५. ॲक्युपंक्चरची दहा सिटिंग झालीत. पंप मी बंद केलेला नाही. खरं सांगते, मला बरं वाटतंय, वर्गात बोलताना दम लागत नाही, रात्री झोप लागते, मनावरचा ताण कमी झालाय. पण पुढच्या दहाचं पॅकेज घ्यायचं का कळत नाही. आमचे डॉक्टर एकदम चिडले, म्हणून तुम्हाला विचारते.

उत्तर : डॉक्टरांनी चिडायला नको होतं. तुम्ही पंप चालू ठेवलात, सुरक्षित पद्धतीने सगळं केलंत, यात चिडण्यासारखं काही नाही. उलट पेशंटला आपण ओरडलो की पुढच्या वेळी तो सांगतच नाही आणि मग खरा धोका होतो.

तुम्हाला बरं वाटतंय त्याची दोन-तीन कारणं असू शकतील. अर्धा तास शांत पडून राहणं, सावकाश श्वास, ताण उतरणं, हे दम्याला मदत करतंच, घाबरलं की माणूस भराभर श्वास घेतो आणि दम आणखी वाढतो, ते चक्र तुटतं. किंवा तुमचा पंप आता नीट लागू पडत असेल. किंवा ॲलर्जीचा सीझन सरला असेल. सुयांचा स्वतःचा काही गुण असेल तर तो या सगळ्यात मिसळलेला आहे. ताण उतरवायचंच काम असेल तर ते बिनपैशाचं पण होतं, योगासनं आणि श्वासाच्या व्यायामांवर पुष्कळ अभ्यास झालेत, योगाचे १५ अभ्यास, हजाराहून जास्त पेशंट, त्यात रोजच्या जगण्यात थोडी सुधारणा दिसली. भस्रिका-कपालभाती जोरात करू नका, दमा उठतो काहींना, अनुलोम-विलोम आणि लांब उच्छ्वास पुरे.

पॅकेजचं तुमच्या पैशांवर आणि वेळेवर आहे, पण ठरवायच्या आधी एक पीक फ्लो मीटर घ्या, हवा किती जोरात बाहेर फुंकता येते ते त्यावर कळतं, काही शे रुपयांत मेडिकलमध्ये मिळतं, प्लास्टिकची नळी असते, वर काटा. सकाळी पंप घ्यायच्या आधी आणि संध्याकाळी, उभं राहून, छाती भरून श्वास घ्यायचा आणि ओठ घट्ट मिटून एका दमात जोरात फुंकायचं, बर्थडेच्या मेणबत्तीसारखं हळू नाही, एकदम फाडकन. तीन वेळा, सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा. ज्या दिवशी सुया घेतल्या तिथे खूण करा. निळा पंप किती वेळा लागला तेपण लिहा. दोन आठवडे सुया घेऊन आणि दोन आठवडे न घेता असं करून बघा, पंप दोन्ही वेळी तोच, तेवढाच.

आकडे दोन्हीकडे सारखेच असतील तर सुया नळ्यांसाठी काही करत नाहीयेत, मनासाठी करत असतील, आणि त्यासाठी पैसे द्यायचे का ते तुम्ही ठरवा, त्यात चूक काही नाही. सुयांच्या दिवसांत आकडे चढले तर मला जरूर कळवा, मला खरंच वाचायला आवडेल. पण बरं वाटतंय आणि आकडा उतरतोय असं दिसलं तर सुया राहू देत बाजूला, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. तुमच्या सगळ्यात चांगल्या आकड्याच्या ८० टक्क्यांच्या वर असलात तर ठीक, ५० ते ८० मध्ये आलात तर औषध बदलायला हवं, ५० च्या खाली गेलात तर थांबायचं नाही, निळा पंप स्पेसरमधून एकेक करून चार वेळा, वीस मिनिटांनी परत, आणि एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळे दिसत असतील तर तेवढंही न थांबता १०८ ला फोन. शाळेत स्टाफरूमच्या कपाटात एक निळा पंप आणि स्पेसर ठेवा, आणि निदान एका सहकारी बाईंना तो कसा द्यायचा ते शिकवून ठेवा.